कुसळवाडीचे गायरान जागेवर नसल्याबाबत

विषय : मौजे कुसळवाडी येथील गायरान मूळ जागी परत बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भाधीन प्रकरण असे आहे की, लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय वायुफुगा शर्यतीला कुसळवाडीच्या गायरानातून सुरुवात झाली तेव्हा फुगे जागेवर राहिले आणि गायरान उडाले. मूळ घटना एवढीच. पुढचे सगळे या एका गोष्टीतून रीतसर घडत गेले. कोणाला त्यात नवल वाटत असेल तर त्याने कुसळवाडीत येऊन आक्कांना भेटावे. त्यांना अजिबात वाटत नाही.

आक्का म्हणजे अनसूया ढेंबरे, शर्यतीच्या स्थानिक सहाय्य समितीच्या सचिव. समितीत गावातले बहुतेक कर्ते पुरुष होते आणि त्यांची नावे निमंत्रणपत्रिकेत होती. काम आक्कांकडे होते. परदेशी पाहुण्यांची राहण्याची सोय, चहा, दोर धरायला माणसे, गुरे हाकलायला माणसे आणि गायरान मोकळे करून देणे, हे सगळे त्यांनी अंगावर घेतले होते.

यातले गायरान मोकळे करणे सर्वांत अवघड. कुसळवाडीला गुरे चारायला ती एकच जागा. तिच्यावर आजवर एका कंपनीचा, एका संस्थेचा आणि एका प्रस्तावित क्रीडासंकुलाचा डोळा गेला होता, आणि तिन्ही वेळा आक्का आडव्या पडल्या होत्या. आता त्याच आक्का गायरान फुग्यांना द्या म्हणत होत्या, तेव्हा ग्रामसभेने त्यांना शर्यत म्हणजे काय ते नीट समजावून सांगायला लावले.

"मोठा फुगा असतो. त्यात हलका वायू भरायचा," आक्का म्हणाल्या. "खाली टोपली. टोपलीत दोन माणसं आणि वाळूच्या पिशव्या. वर जायचं असलं की वाळू सांडायची, खाली यायचं असलं की वायू सोडायचा. वारा नेईल तिकडं जायचं. निघाल्या जागेपासून जो सगळ्यात लांब उतरंल, तो जिंकला."

"म्हंजे कुठं जायचं ठावं नसताना जो लांब जातो, त्याला बक्षीस?" खंडूतात्यांनी विचारले. खंडूतात्या गावात सर्वांत वयस्कर, आणि त्यांना हे विसरू दिले जात नाही, कारण ते स्वतःच आठवण करून देतात.

"तसंच."

"मग आमच्या थोरल्याला द्या. दुसऱ्या कुणाला बलवायची गरज न्हाई."

सभा हसली, पण गायरान देईना. शेवटी आक्का उभ्या राहिल्या. "आठ दिवस," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी गायरान जसंच्या तसं तुमच्या हवाली करीन. नाही केलं, तर या सभेत पुन्हा तोंड उघडणार नाही."

या शेवटच्या वाक्याने काही सभासदांच्या मनात गायरान परत न मिळाले तरी चालेल असा विचार येऊन गेला असावा. ठराव एकमताने मंजूर झाला.

मग वाळूचा प्रश्न आला. नदीतून वाळू काढायला परवानगी लागते, आणि ती लिलाव झाल्याशिवाय मिळत नाही. लिलाव कधी होणार हे नदीलाही माहीत नव्हते. पण गायरानाच्या पोटात वाळूच होती. आणि कुसळवाडीला श्रमदान नवे नाही. पाणी अडवण्याच्या स्पर्धेत चर खणून या गावाने एकदा तालुक्यात पहिला नंबर काढला होता, तेव्हापासून गावाचा खणण्याचा हात काही थांबलेला नाही. लग्न असो, निवडणूक असो, आधी थोडे खणून घेतात. त्यांनी गुरे येऊ नयेत म्हणून गायरानाच्या चारी बाजूंनी खोल चर खणला आणि मग चरातून आत आत शिरून वाळू काढली.

एवढी वाळू लागणार नव्हती. पण टोपल्यांत वाळू भरण्याचे काम बायकांकडे आले, आणि पाहुण्याला वाढताना हात आखडता घ्यायची कुसळवाडीत रीत नाही. चौदा फुगे वायू भरून माणसाच्या उंचीवर तरंगत होते, दोर धरलेले होते, आणि टोपल्यांतले परदेशी वैमानिक ताटावर आडवा हात धरावा तसे पिशव्यांवर आडवे हात धरून नको नको म्हणत होते.

"घ्या ओ, एक पिशवी. मला नाही म्हणायचं नाही."

"हिच्या हातची घेतली आणि माझ्या हातची नको व्हय?"

"एवढ्या लांब जायचंय. वाटेत कोण देणार तुम्हाला?"

वैमानिकांनी शेवटी मान खाली घातली. टोपल्या भरल्या. गायरान रिकामे झाले.

शर्यतीच्या संचालक रेगुला हुबर नावाच्या स्वित्झर्लंडच्या बाई होत्या. उंच, शांत, कमरेला शिट्टी. त्या इंग्रजीत बोलत आणि तलाठी कुलथे ते मराठीत सांगत. कुलथे भाऊसाहेबांनी आयुष्यभर एकाच प्रकारची मराठी लिहिली असल्यामुळे रेगुलाबाईंचे सगळे बोलणे गावाला त्याच मराठीत ऐकू आले.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे यायचे होते. ते येत होते. सकाळपासून येत होते. दुपारी रेगुलाबाईंनी आकाशाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि एक वाक्य म्हटले.

"बाईंचे असे म्हणणे आहे," कुलथे म्हणाले, "की वारा अनुकूल असून सदर वारा मान्यवरांच्या आगमनापर्यंत थांबेल अशी हमी देता येत नाही. सबब कार्यवाही सुरू करावी."

रेगुलाबाईंनी शिट्टी वाजवली आणि हात खाली केला. दोर धरणाऱ्यांनी दोर सोडले. दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असल्या आणि दोर सुटला, तर जी हलकी असते ती जाते. गायरान वीतभर वर आले, क्षणभर थांबले, आणि मग पंगतीखालून सतरंजी ओढून घ्यावी तसे फुग्यांच्या खालून पूर्वेकडे सरकले. चरापलीकडे गेल्यावर ते सावकाश वर चढू लागले. दोर धरणाऱ्यांनी खाली उड्या मारल्या. फुगे खड्ड्यावर तरंगत राहिले. वारा होता, पण तो गायरानाला लागला होता.

गायरानावर राहिले ते असे : आक्का, रेगुलाबाई, कुलथे भाऊसाहेब, मांडववाले यासीन मुलाणी, मांडव, व्यासपीठ, आणि चर ओलांडून सकाळीच आत घुसलेल्या काही म्हशी. म्हशी चरत होत्या. त्यांच्या दृष्टीने काही बदललेले नव्हते.

यासीनभाईंनी काठाशी जाऊन खाली पाहिले. "आक्का, मांडवाचं भाडं आठ दिवसांचंच ठरलंय बरं का. मी आपला आताच बोलून ठेवतो."

"भाडं राहू द्या, खांब धरा," आक्का म्हणाल्या आणि रेगुलाबाईंकडे वळल्या. "हे आता परत कसं न्यायचं, विचारा त्यांना."

कुलथ्यांनी विचारले. रेगुलाबाईंनी खिशातली नियमावली काढून चाळली, पुन्हा चाळली.

"सुरुवातीच्या ठिकाणाने स्पर्धेदरम्यान स्थलांतर करू नये असे नियमात कोठेही नमूद नाही," कुलथे म्हणाले. "बाई पुढे असे म्हणतात की, अंतर हे सुरुवातीच्या ठिकाणापासून मोजावयाचे असल्याने, आपण जसजसे दूर जाऊ तसतशी सर्व चौदा संघांची कामगिरी सुधारत आहे."

"जागेवर बसून?"

"होय. बाईंनी समाधान व्यक्त केले आहे."

एवढ्यात आक्कांचा फोन वाजला. सरपंच सर्जेराव होते, आक्कांचे धाकटे दीर.

"वहिनी, कुठं हाय तुमी?"

"गायरानात."

"गायरान कुठं हाय?"

आक्कांनी खाली बघितले. "खडकओढ्याच्या वर."

"वहिनी," सर्जेराव हलक्या आवाजात म्हणाले, "कुठं बी न्या, पण खडकओढ्यात उतरवू नका. रंगराव पैलवानाच्या हातात गेलं तर पुन्हा मिळायचं न्हाई."

ही भीती खरी होती. शेजारच्या गावाला, खडकओढ्याला, गायरान नव्हते. पूर्वीच्या एका सरपंचाने ते कशाला तरी दिले होते, आणि कशाला ते आता कोणालाच सांगता येत नव्हते. आताचे सरपंच रंगराव पैलवान गावाच्या पारावर हात कमरेवर ठेवून वरच पाहत उभे होते. ओढ्यावरच्या गार हवेने गायरान आता इतके खाली आले होते की बोललेले ऐकू येई.

"आक्का! रामराम!" पैलवान ओरडले. "च्या घेऊनच जावा. जागा केलीया तुमच्यासाठी. ह्यो बघा, ओढ्याच्या अंगाला सपाट माळ हाय. अलगद ठेवा."

"आम्ही वाटेत आहोत, पैलवान. थांबायचं नाही."

"अवो, गावात आलेली वस्तू अशीच जाऊ द्यायची व्हय? आमच्या भाऊसाहेबांस्नी बलवलंय मी. टेकलं की लगेच नोंद." त्यांच्या मागे खरोखर दुसऱ्या सजाचे तलाठी उभे होते, आणि पैलवानाची माणसे म्हशींच्या दाव्यांचे लांब लांब दोर जोडत होती. एक दोर वर आला आणि व्यासपीठाच्या पायाला अडकला. गायरान कलले. एक म्हैस घसरत काठाशी गेली, आणि तिने पहिल्यांदाच चरणे थांबवले.

"भाऊसाहेब," आक्कांनी विचारले, "खरंच नोंद होते का अशी?"

कुलथे अस्वस्थ झाले. "जमीन ज्या गावाच्या शिवारात आहे, त्या गावाच्या दप्तरी नोंद होते. जमीन चालत आली की उडत आली, यासाठी वेगळा रकाना नाही."

आक्कांनी पदर खोचला. यासीनभाईंनी कोयता दिला. आक्कांनी दोर तोडला आणि तो खाली पैलवानाच्या पायाशी टाकला. "तुमचा दोर आहे, पैलवान. उपयोगी पडंल. म्हशी बांधायला."

"आक्का, तुमी ह्ये चांगलं न्हाई केलं!"

"चहा राहिला तुमचा!" आक्का ओरडल्या. "पुढच्या खेपेला!"

पण दोर तोडल्याने गायरान परत फिरत नाही. ते पूर्वेकडेच चालले होते. पुढे दुसरी गावे होती, दुसरे पैलवान होते. आक्का म्हशीला काठापासून ओढून आत आणून रेगुलाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"आमच्या गावाकडं जाणारा वारा कुठं मिळंल?"

रेगुलाबाईंनी बोट वर केले.

"बाई म्हणतात की, निरनिराळ्या उंचीवर निरनिराळ्या दिशांचे वारे वाहतात. इच्छित दिशेचा वारा बराच वरच्या स्तरावर उपलब्ध आहे. त्याकरिता वजन कमी करणे आवश्यक. वाळू टाकावी."

"वाळू खाली फुग्यांत आहे."

"ही बाब बाईंच्या निदर्शनास आणून दिली आहे. बाई म्हणतात, दुसरे काय आहे?"

दुसरे काय होते? रिकाम्या खुर्च्या टाकल्या. मान्यवरांसाठी आणलेला सोफा टाकला. तो खडकओढ्याच्या माळावर पडला आणि पैलवानाने तो ठेवून घेतल्याचे नंतर कळले. व्यासपीठ मोडून टाकले. यासीनभाईंनी प्रत्येक फळीला "ही धरा हिशोबात" म्हटले. गायरान चढले, पण पुरेसे नाही. शेवटी उरली ती कोनशिला.

कोनशिला काळ्या दगडाची होती. चौघांनी उचलून आणलेली. तिच्यावर प्रमुख पाहुण्यांचे नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली समितीतल्या सर्वांची नावे होती. सर्वांत खाली, गवताने झाकले जाईल इतके खाली, आक्कांचे होते.

"ही टाकता येणार नाही," कुलथे म्हणाले.

"का?"

"मान्यवरांचे नाव आहे. तिचे अनावरण व्हायचे आहे. अनावरण न झालेली कोनशिला हलवायची तर पंचनामा लागतो."

"मग करा पंचनामा."

"पंच लागतात, आक्का. दोन प्रतिष्ठित पंच."

आक्कांनी आजूबाजूला पाहिले. "एक यासीनभाई. एक बाई."

"बाई परदेशी नागरिक आहेत."

"प्रतिष्ठित आहेत की नाहीत?"

कुलथ्यांना हे नाकारता येईना. मांडवाच्या खांबाला टेकून त्यांनी पंचनामा लिहिला. वाऱ्याने कागद फडफडत होता तो म्हशीच्या पाठीवर धरला. यासीनभाईंनी सही केली, रेगुलाबाईंनी सही केली. मग चौघांनी मिळून कोनशिलेला खांदा लावला आणि ती काठावरून ढकलली. अनावरणाचा पडदा मात्र वाऱ्याने सुटला आणि वर राहिला.

गायरान झपाट्याने वर गेले. कान दडपले. मग थंड, जोरकस, पश्चिमेकडे जाणारा वारा आला, आणि खालचे रस्ते उलट्या बाजूने जाऊ लागले. रेगुलाबाईंनी आक्कांशी जोरात हस्तांदोलन केले आणि काहीतरी म्हटले.

"काय म्हणतात?"

कुलथे थोडे घुटमळले. "बाईंनी सहकार्याबद्दल आभार मानले आहेत," ते म्हणाले. पण वाक्य बरेच लांब होते.

कुसळवाडी दिसली तेव्हा अख्खे गाव खड्ड्याभोवती जमले होते. यासीनभाईंनी मांडवाचे सगळे दोर जोडून खाली सोडले. गाव ओढायला लागले. श्रमदान होते, त्यामुळे घोषणाही झाल्या. गायरान हळूहळू खाली आले, खड्ड्याच्या काठापर्यंत आले, आणि तिथे अडले. चौदा टोपल्यांनी वाट अडवली होती.

"संघांची हरकत आहे," कुलथे म्हणाले. वैमानिक टोपल्यांतून ओरडत होते. "त्यांचे म्हणणे, दुपारपासून त्यांनी उल्लेखनीय अंतर कापले होते. सुरुवातीचे ठिकाण परत आल्यास ते शून्य होईल. गायरान पुन्हा पूर्वेकडे, शक्य तितके दूर, रवाना करावे. ते तोवर खड्ड्यात उतरतात."

गावाने दोर ताणून धरले. हे पाहुणे होते, आणि समितीचे काम त्यांना सहाय्य करण्याचे होते. आक्का कुलथ्यांकडे वळल्या.

"बाईंना विचारा. हे लोक उडाले का?"

रेगुलाबाईंनी नियमावली काढली. या वेळी एकदाच चाळली.

"उड्डाण म्हणजे स्पर्धकाने जमिनीपासून विलग होणे," कुलथ्यांनी सांगितले. "प्रस्तुत प्रकरणी स्पर्धक जमिनीपासून विलग झाले नसून जमीन स्पर्धकांपासून विलग झाली आहे. सबब उड्डाण झालेले नाही. न उडालेल्यास उतरता येत नाही."

"म्हणजे जमिनीशिवाय शर्यत सुरूच होत नाही," आक्का टोपल्यांकडे पाहून म्हणाल्या. "आणि जमीन आमची आहे. सरका आणि वाळू परत द्या."

वैमानिकांनी आपापसांत चर्चा केली. मग एका टोपलीतून एक पिशवी आली. टोपली थोडी वर झाली आणि गायरान तिच्याखाली सरकले. दुसऱ्या टोपलीतून दुसरी. बायका पुढे झाल्या आणि आता आग्रहाची दिशा बदलली.

"टाका ओ, अजून एक."

"एवढ्यानं काय होतंय? हात सैल सोडा."

"मघाशी माझ्या हातची घेतलीत ना? मग माझ्याच हातात द्या."

पिशव्या खाली आल्या तसे गायरान जड झाले आणि फुगे हलके झाले. एकामागून एक ते वर गेले. रेगुलाबाईंनी प्रत्येकाला शिट्टी दिली. शर्यत सुरू झाली होती, नियमानुसार, सुरुवातीच्या ठिकाणाहून. शेवटचा फुगा दिसेनासा झाल्यावर त्या टोपी काढून आक्कांसमोर उभ्या राहिल्या, आणि मग सामान घेऊन पुढच्या नियंत्रणकक्षाकडे रवाना झाल्या.

गायरान खड्ड्यावर माणसाच्या उंचीवर तरंगत होते. अजून थोड्याच पिशव्या टाकायच्या होत्या. आक्कांनी पहिली उचलली.

"वहिनी, थांबा," सर्जेराव म्हणाले. त्यांनी खाली बोट दाखवले. खड्ड्याच्या काठाला फीत कापलेली होती, आणि नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. "तुमी वर होता तवा प्रमुख पाहुणे आले. उद्घाटनाला काय तरी पायजे म्हणून त्यांनी ह्याचंच केलं. गावतलाव. भाषण बी झालं. नोंद पण झाली, तहसीलदार साहेब संगंच होते."

आक्कांनी कुलथ्यांकडे पाहिले. कुलथ्यांनी डोळे मिटून घेतले.

"तलाव बुजवणे हा गुन्हा आहे," ते म्हणाले. "आता ही पिशवी टाकायची, तर परवानगी लागेल."

आक्कांनी पिशवी खाली ठेवली. यासीनभाईंनी उरलेल्या पिशव्यांवर ताडपत्री घातली. गायरान चारी बाजूंनी दोरांनी बांधून ठेवले, आणि काठापासून वर जायला मांडवाच्या खांबांचा उतार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरे त्यावरून वर गेली आणि संध्याकाळी खाली आली. आता ती सवयीने जातात. उन्हाळ्यात गायरानाखाली सावली असते म्हणून म्हातारी माणसे खड्ड्यात बसतात. खंडूतात्यांची जागा ठरलेली आहे. शर्यत कोण जिंकले ते पत्राने कळवण्यात आले. तो फुगा कुठल्याशा वाळवंटात उतरला. तिथे वाळूची अडचण नव्हती.

आठव्या दिवशी ग्रामसभा झाली. गायरान परत आले आहे काय, हा एकच विषय होता.

"आलंय," काही जण म्हणाले.

"जसंच्या तसं म्हणली होती ती," खंडूतात्या म्हणाले. "ह्ये तर वर हाय."

सगळ्यांनी आक्कांकडे पाहिले. आक्का उठल्या, आणि न बोलता पुन्हा खाली बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी ग्रामसभेत तोंड उघडलेले नाही. त्या येतात, पुढच्या रांगेत बसतात, आणि एखादा ठराव चुकीचा वाटला तर मांडणाऱ्याकडे नुसत्या पाहतात. पुष्कळ ठराव त्यामुळे मागे घेतले गेले आहेत.

दर सोमवारी मात्र त्या तालुक्याला जातात. ग्रामसभेत न बोललेले सगळे त्या तिथे संबंधित लिपिकासमोर बोलतात. तलाव दप्तरातून कमी करून गायरान मूळ जागी टेकवण्यास परवानगी मिळावी, असा त्यांचा अर्ज आहे. लिपिक त्यांना खुर्ची देतो, कारण त्या दिली नाही तरी बसतात. मध्यंतरी जागेची पाहणी करायला एक अधिकारी आले होते. ते उतारावरून वर गेले, फिरले, आणि जमीन प्रथमदर्शनी सुस्थितीत असल्याचा अहवाल त्यांनी दिला. अहवाल अर्जाला जोडण्यात आला आहे.

अर्ज विचाराधीन आहे.